सायकलच्या जीपीएस कॉम्प्युटरला उपग्रह लवकर सापडत नसतील, तर काय तपासावे

सायकलला लावायच्या जीपीएस कॉम्प्युटरबद्दलची एक तक्रार आमच्या ग्रुपमध्ये सतत येते. सगळे निघायच्या तयारीत असतात आणि एकाच्या पडद्यावर अजून ‘उपग्रह शोधत आहे’ अशा अर्थाची ओळच दिसत असते. पुण्यात आणि आसपास सायकल चालवणाऱ्यांची अशी अनेक यंत्रे या कारणासाठी माझ्या हातात येऊन गेली आहेत आणि त्यांतली खरोखर नादुरुस्त फार थोडी निघाली. बाकीच्या ठिकाणी अडचण होती ती यंत्र कुठे सुरू केले जाते, ते कसे बसवले आहे किंवा फोनशी त्याची जुळणी केव्हापासून तुटली आहे यात. म्हणून पुढची तपासणी फुकट आणि मिनिटभरात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होऊन वेळखाऊ आणि खर्चिक गोष्टींकडे जाते. तो क्रम मोडू नये. थेट फॅक्टरी रीसेट करणाऱ्यांचे बहुधा नुकसानच होते, त्याचे कारण पुढे येईल.

लक्षणे

तक्रार एकाच शब्दांत केली जात असली तरी तिच्या मुळाशी वेगवेगळे प्रकार असतात. आपला कोणता, हे आधी ठरवावे.

रोज सकाळी चार-पाच मिनिटे लागतात, पण एकदा जागा सापडली की दिवसभर कुरकुर नसते.

रोज सायकल चालवताना त्रास नसतो, पण काही आठवडे खंड पडला किंवा सायकल घेऊन रेल्वेने अथवा विमानाने लांब गेलो की पहिल्या दिवशी यंत्र अडून बसते.

सिग्नल लवकर मिळतो, पण दाट झाडीत, उंच इमारतींमध्ये किंवा घाटात सुटतो आणि घरी येऊन नकाशा पाहावा तर आपण दरीतून सायकल चालवल्याचे दिसते.

दिवसा सारे ठीक असते, पुढचा दिवा किंवा पॉवर बँक जोडली की सिग्नल डळमळतो.

यंत्र सुरू केल्यावर तारीख किंवा वेळच चुकीची दिसते.

मोकळ्या मैदानात बराच वेळ ठेवूनही एकही उपग्रह दिसत नाही.

पहिले चार प्रकार बहुतेक वेळा घरच्या घरी सुटतात. पाचवा कधी सुटतो, कधी नाही. सहावा मात्र, पुढची सोपी तपासणी उरकल्यावरही तसाच राहिला, तर सर्व्हिस सेंटरचा आहे.

यंत्र नेमकी कशाची वाट पाहत असते

हे एकदा समजून घेतले तर पुढचे निम्मे उपाय कुणी सांगण्याची गरज उरत नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की तो रेडिओच्या नेहमीच्या गोंगाटातही बुडून जातो आणि यंत्राला तो गणिताच्या आधारे त्यातून वेगळा काढावा लागतो. पण सिग्नल पकडणे हा कामाचा पहिला भाग झाला. त्या सिग्नलवर स्वार होऊन एक संदेश येत असतो, आणि तो सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. प्रत्येक उपग्रह आपली अचूक कक्षा आणि आपल्या घड्याळाची दुरुस्ती दर ३० सेकंदांनी नव्याने सांगतो, आणि त्या ३० सेकंदांतले १८ सेकंद या माहितीसाठीच असतात. अक्षांश, रेखांश आणि उंची ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांकडून ही माहिती यंत्राच्या हाती असावी लागते.

रेल्वेच्या फलाटावरची उद्घोषणा चालू असताना नेमका आपला फलाट क्रमांक इंजिनाच्या भोंग्यात बुडाला, तर पुढच्या उद्घोषणेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. इथेही तसेच होते. मधल्या एखाद्या सेकंदाला झाडाची फांदी, बसचा पत्रा किंवा आपलेच डोके आडवे आले, की त्या उपग्रहाचा तो तुकडा हुकतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. असे दोन-तीन उपग्रहांबाबत दोन-तीनदा झाले की चार मिनिटे गेलीच.

यातली आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. सिग्नल धरून ठेवायला जेवढी ताकद लागते, त्यापेक्षा त्यातला संदेश वाचायला अधिक लागते. त्यामुळे मोकळ्यावर जागा शोधून घेतलेले यंत्र पुढे झाडीखालीही नीट चालते, पण तेच यंत्र त्याच झाडीखाली बंद करून संध्याकाळी नव्याने सुरू केले तर चाचपडत राहते. ‘काल इथेच चालत होते’ या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

उपग्रहाने सांगितलेली कक्षेची माहिती साधारण चार तास वापरण्याजोगी राहते. म्हणून नाश्त्याला थांबून यंत्र पुन्हा सुरू केले तर काही सेकंदांत जागा मिळते, आणि रात्रभर बंद असलेले यंत्र सकाळी ती माहिती पुन्हा गोळा करते. अलीकडच्या यंत्रांना मोकळ्या आकाशाखाली, जवळ काहीही साठवलेले नसताना, यासाठी साधारण मिनिटभर पुरते. रोजच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागत असेल, तर एक तर ऐकण्यात अडथळा येतो आहे, किंवा यंत्राला जी मदत आधीच मिळायला हवी ती मिळालेली नाही.

जीपीएस चालू आहे ना?

प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण पावसाळ्यानंतर हा प्रकार हमखास आढळतो. पावसाच्या दिवसांत घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, सायकल चालवणारे यंत्राचे ‘इनडोअर’ प्रोफाइल निवडतात, आणि त्यात जीपीएस बंद असते. रस्त्यावर उतरताना प्रोफाइल बदलायचे राहून जाते. त्याचबरोबर बॅटरी वाचवण्याचा पर्याय चालू आहे का, हेही पाहावे, कारण काही यंत्रांत तो उपग्रहांचा वापर कमी करतो. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

जागा आणि स्थिरता

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत सायकल इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असते, यंत्र तिथेच सुरू केले जाते आणि हवा भरणे, बाटल्या लावणे ही कामेही तिथेच होतात. डोक्यावर सळया घातलेला स्लॅब असताना यंत्र तोवर जे काही शोधते ते वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे, भिंतींवरून परावर्तित होऊन आलेला एखादा अर्धवट सिग्नल धरून ते त्याच्याच मागे लागते. पेठांतल्या बोळांची गोष्ट थोडी निराळी असते. तिथे आकाश दिसते खरे, पण ते डोक्यावरच्या एका पट्टीपुरते, आणि एका ओळीत असलेल्या उपग्रहांवरून ठरवलेली जागा ढोबळ असते.

यंत्र आधी मोकळ्या जागी न्यावे, मग सुरू करावे. सोसायटीचे फाटक, चौकाचा कोपरा, शाळेचे मैदान, गच्ची यांपैकी काहीही चालेल. चारही बाजूंना आकाश बरेच खालपर्यंत दिसले पाहिजे, कारण जागेची अचूकता उपग्रह किती दूरदूर पसरलेले आहेत यावर अवलंबून असते. सायकल भिंतीला टेकवून न ठेवता मध्ये उभी करावी आणि यंत्रावर ओणवे होऊन पाहत बसू नये. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि पाणी हा सिग्नल शोषून घेते.

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. जागा सापडेपर्यंत हलू नये. ‘निघू या, वाटेत सापडेल’ हा सल्ला उदार मनाने दिला जातो, पण चालत्या सायकलवर दर काही सेकंदांनी नवे झाड, नवी इमारत, नवी बस आडवी येते आणि वर सांगितलेला संदेश तुकड्यातुकड्यांनी हुकत जातो. स्थिर उभे राहून ४० सेकंदांत होणारे काम चालत्या सायकलवर सहा-सात मिनिटे रखडताना मी नेहमी पाहतो. निघणे अगदीच भाग असेल तर निदान चाकावरचा वेग-सेन्सर लावलेला असावा. त्यामुळे उपग्रह नसतानाही अंतर मोजले जाते. नकाशावर मात्र त्या भागात एक सरळ रेष ओढलेली दिसेल. ज्या ब्रेवेमध्ये (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) नोंदलेला मार्ग पुरावा म्हणून द्यायचा असतो, तिथे ही रेष अडचणीची ठरू शकते. अशा वेळी फोनवरही नोंद चालू ठेवावी.

जागा मिळाली असे यंत्राने सांगितल्यावरही, उपग्रहांचे पान उघडता येत असेल तर उघडून अचूकतेचा आकडा पाहावा. सुरुवातीला तो १५ किंवा २० मीटर दाखवतो आणि हळूहळू ४-५ मीटरवर येतो. तेवढे थांबले तर पहिल्या किलोमीटरची वाकडीतिकडी रेषही टळते.

यंत्र बसवले कसे आहे

यंत्राच्या आतला अँटेना बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचा सगळा दर्शनी भाग आकाशाकडे आणि मोकळा असावा, हाच नियम पाळावा. हँडलबारच्या पुढे येणाऱ्या माउंटवर आडवे बसवलेले यंत्र सर्वांत चांगले चालते. लांबच्या राइडसाठी हँडलबारवर फुगीर पिशवी बांधणारे लोक यंत्र पिशवीच्या आडोशाला ढकलतात, किंवा फोनचा माउंट त्याच्यावर झुकतो. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलेल्या यंत्राला निम्मे आकाश आपल्या पाठीमागे लपलेले असते. कार्बन फायबर वीजवाहक असल्यामुळे कार्बनच्या भागाखाली अडकवलेल्या यंत्रालाही तसाच अडथळा होतो.

पावसाळी आवरणाबद्दल वारंवार विचारले जाते. साध्या पारदर्शक प्लास्टिकने फरक पडत नाही. चकचकीत, धातूचा मुलामा दिलेले कोणतेही आवरण किंवा स्टिकर मात्र काढून टाकावे.

फोनशी जुळणी : इथे सर्वाधिक वेळ वाचतो

उपग्रहांकडून ५० बिटच्या गतीने ऐकण्याऐवजी त्यांच्या येत्या काही दिवसांच्या कक्षांचे भाकीत इंटरनेटवरून आधीच घेऊन ठेवता येते. बहुतेक नव्या सायकल कॉम्प्युटरमध्ये ही सोय आहे. गार्मिन असो वा वाहू, कंपनीच्या अ‍ॅपमार्फत ब्लूटूथवरून, किंवा यंत्रात वाय-फाय असेल तर थेट, एक छोटी फाइल यंत्रात उतरते. ती असेल तर यंत्राला प्रत्येक उपग्रहाचा १८ सेकंदांचा पाठ ऐकत बसावे लागत नाही. सिग्नल पकडला की काम झाले, आणि जागा पंधरा-वीस सेकंदांत मिळते.

मात्र ही फाइल शिळी होते. यंत्र आणि सेवेनुसार तिची मुदत काही दिवसांपासून एक-दोन आठवड्यांपर्यंत असते. ‘खंड पडला की त्रास होतो’ हे दुसरे लक्षण आणि ‘रोज सकाळी वेळ लागतो’ हे पहिले, या दोहोंचे मूळ मला बहुतेकदा इथेच सापडले आहे. राइडची नोंद अ‍ॅपवर जाते म्हणजे जुळणी ठीक आहे, असे लोक धरून चालतात. ते पुरेसे नाही. फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था अ‍ॅपला पार्श्वभूमीत झोपवते. मग अ‍ॅप उघडले तेवढ्यापुरती राइड वर जाते, लगेच अ‍ॅप बंद केले जाते आणि फाइल उतरायचीच राहते.

अ‍ॅपला पार्श्वभूमीत चालण्याची, ब्लूटूथची आणि अँड्रॉइड फोनवर स्थानाची परवानगी आहे याची खात्री करावी. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे निर्बंध काढावेत. राइडच्या आदल्या रात्री यंत्र सुरू करून अ‍ॅप उघडावे आणि जुळणी पूर्ण होईपर्यंत दोन्ही शेजारी ठेवावीत. काही यंत्रे माहितीच्या पानावर ही फाइल ताजी आहे, मुदत संपलेली आहे की मुळात नाहीच, हे स्पष्ट लिहितात. तसे पान असेल तर अंदाज बांधत बसण्याचे कारण नाही. एवढे करूनही ती ताजी होत नसेल, तर ब्लूटूथची जोडी दोन्हीकडून, म्हणजे फोनमधून आणि यंत्रातूनही, काढून नव्याने जोडावी. एकाच बाजूने काढली तर जुना दुवा अर्धवट शिल्लक राहतो. ब्लूटूथने दाद दिलीच नाही, तर यंत्र केबलने संगणकाला जोडून कंपनीच्या प्रणालीतून अद्ययावत करणे हा खात्रीचा मार्ग आहे.

लांबच्या प्रवासानंतर होणाऱ्या विलंबावरही हाच उपाय आहे. पुण्याहून मनालीला नेलेले यंत्र अजून पुण्याचेच आकाश गृहीत धरून शोधत असते. तिथे पोहोचल्यावर, नेटवर्क असेपर्यंत, एकदा जुळणी करून घ्यावी आणि पहिल्यांदा सुरू करताना यंत्राला मोकळ्यावर निवांत वेळ द्यावा. पुढे घाटावर नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नये.

कोणत्या उपग्रहांचे ऐकायचे

अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालीही जगभर चालतात. यंत्रात फक्त जीपीएस निवडलेले असेल तर एका वेळी साधारण ८ ते १२ उपग्रह डोक्यावर असतात. दुसरी प्रणाली जोडली की ही संख्या बरीच वाढते, आणि निम्मे आकाश झाकलेल्या जागी चार चांगले उपग्रह मिळण्याची शक्यताही वाढते. बॅटरी थोडी अधिक खर्च होते. ६०० किलोमीटरच्या ब्रेवेची मुदत ४० तासांची असते, आणि एवढ्या वेळासाठी त्या ‘थोडी’चा हिशेब करावा लागतो. रविवारच्या राइडसाठी तो करण्याची गरज नाही.

दोन फ्रीक्वेन्सींवर ऐकणारी महागडी यंत्रे इमारतींमध्ये आणि कड्यांखाली अधिक अचूक रेष देतात. पहिला सिग्नल लवकर मिळावा एवढ्याच हेतूने ती विकत घेऊ नयेत.

भारताच्या नाविक प्रणालीबद्दलही विचारणा होते. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल ५ आणि एस या रेडिओ-फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यांतच बोलतात, तर स्वस्त सायकल कॉम्प्युटर फक्त एल १ ऐकतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकमध्ये एल १ ची भर पडली. आपल्या यंत्राच्या तपशिलात नाविकचा उल्लेख नसेल, तर सेटिंगमध्ये ते शोधण्यात अर्थ नाही.

दिवे आणि पॉवर बँक

एलईडी दिव्यात आणि पॉवर बँकेत व्होल्टेज बदलणारे छोटे सर्किट असते. ते नीट झाकलेले नसले तर आसपास रेडिओ-गोंगाट पसरवते, आणि उपग्रहाचा सिग्नल मुळातच इतका दुबळा असतो की यंत्रापासून चार बोटांवर असलेला एक स्वस्त दिवा त्याला पुरून उरतो. अनेक जण दिवा त्याच माउंटच्या खालच्या बाजूला, म्हणजे यंत्राच्या थेट पोटाशी लावतात.

याची चाचणी सोपी आहे. मोकळ्या जागी उपग्रहांचे पान उघडावे. त्यावर प्रत्येक उपग्रहासमोर ताकद दाखवणारा एक उभा पट्टा असतो. सगळे पट्टे स्थिर झाल्यावर दिवा लावावा आणि अर्धा मिनिट पट्ट्यांकडे पाहावे. दोष असेल तर सगळे पट्टे एकाच वेळी, जणू कुणी वरून दाबल्यासारखे, खाली बसतात, बारीक पट्टे तर नाहीसेच होतात, आणि दिवा बंद करताच काही सेकंदांत पुन्हा वर येतात. एखादाच पट्टा हलला तर ते दिव्यामुळे नव्हे. मंद, प्रखर आणि लुकलुकणारा असे दिव्याचे सगळे प्रकार तपासावेत, कारण मंद प्रकाशात सर्किट सतत चालू-बंद होत असते आणि काही दिवे नेमके तिथेच त्रास देतात. हीच चाचणी पॉवर बँक जोडून आणि काढून करावी. दोष दिसला तर दिवा हँडलबारच्या दुसऱ्या टोकाला न्यावा. एवढ्या अंतराने बहुधा भागते.

जिथे यंत्राचा दोष नसतो

वरंधा किंवा कुंभार्ली घाटात एका बाजूला कातळाचा उभा कडा असतो आणि निम्मे आकाश नसतेच. ताम्हिणीत पावसाळ्यातल्या ओल्या पानांचे छत असते. पावसाच्या सरींनी या सिग्नलवर नाव घेण्याइतका परिणाम होत नाही, तो पानांवर आणि फांद्यांवर साचलेल्या पाण्याने होतो. कात्रजच्या बोगद्यात तर प्रश्नच उद्भवत नाही. अशा ठिकाणी सिग्नल सुटला तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करू नये, कारण हाती असलेली माहिती धरूनच ते बाहेर पडल्यावर सेकंदाभरात सावरते. नव्याने सुरू केले तर सगळी शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून होण्याची शक्यता असते.

रात्री सायकल चालवणाऱ्यांसाठी एक वेगळे कारण आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. केरळातल्या थुंब्याची जागा अग्निबाण सोडण्यासाठी निवडली गेली ती त्याच कारणाने. या पट्ट्यात आणि त्याच्या उत्तरेला बऱ्याच अंतरापर्यंत, सूर्यास्तानंतरच्या काही तासांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळलेले असते आणि उपग्रहांचे सिग्नल लुकलुकतात. एखाद्या रात्री ग्रुपमधल्या सगळ्यांचीच यंत्रे एकदम भरकटली, तर सेटिंग चाळत न बसता सकाळची वाट पाहावी.

रीस्टार्ट, फर्मवेअर, रीसेट

इथवर काही निष्पन्न झाले नाही, तरच या पायरीवर यावे. आधी यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे. पडदा झोपवणे म्हणजे बंद करणे नव्हे. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे, कारण उपग्रह-चिपच्या सुधारणा त्यातूनच येतात.

फॅक्टरी रीसेट शेवटचा उपाय आहे. त्याआधी राइडच्या नोंदी, मार्ग, सेन्सरच्या जोड्या आणि पडद्यांची रचना यांची नक्कल काढून ठेवावी. रीसेटनंतर यंत्र सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रकही विसरते. ते उपग्रहांकडून पूर्ण ऐकायला १२.५ मिनिटे लागतात. त्यामुळे रीसेटनंतर यंत्र मोकळ्या गच्चीवर २० मिनिटे सुरू ठेवून द्यावे. हे न करता लगेच रस्त्यावर निघालेल्यांना यंत्र पूर्वीपेक्षा मंद वाटते, ते पुन्हा रीसेट करतात आणि अडचणीत भर घालतात.

तारीख आणि घड्याळ

फोनचे ब्लूटूथ बंद करून यंत्र घरातच सुरू करावे आणि वेळ पाहावी. ती बरोबर असेल तर आतले घड्याळ चालू आहे. वेळ भलतीच दिसत असेल, तर यंत्र बंद असताना घड्याळाला वीज मिळत नाही आणि प्रत्येक सकाळी ते कोऱ्या पाटीने सुरू होते. बॅटरी पूर्ण संपवून महिनोन् महिने पडून राहिलेल्या यंत्रांत हे आढळते. पूर्ण चार्ज करून दोन दिवस पाहावे. तरीही वेळ टिकत नसेल तर बॅटरी किंवा आतला भाग बदलावा लागेल.

तारीख सुमारे १९-२० वर्षे मागची दिसत असेल तर कारण निराळे आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटमध्ये येतो, म्हणून १,०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्य होतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले, एप्रिल २०१९ मध्ये झाले आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. फर्मवेअरच्या रचनेनुसार काही जुनी यंत्रे या तारखांऐवजी भलत्याच दिवशी मागे जातात. कंपनीचे नवे फर्मवेअर उपलब्ध असेल तर ते टाकावे. नसेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

इथे थांबावे

मोकळ्या मैदानात, दिवे आणि पॉवर बँक काढून, पूर्ण चार्ज केलेले यंत्र २० मिनिटे स्थिर ठेवावे आणि शेजारी दुसऱ्या कुणाचा सायकल कॉम्प्युटर ठेवावा. तुलना फोनशी करू नये, कारण फोन मोबाइल टॉवर आणि वाय-फायवरूनही आपली जागा ठरवतो. दुसऱ्या यंत्रावर दहा पट्टे उभे असताना आपल्यावर एकही नसेल, किंवा सगळेच कायम बुटके असतील, तर अँटेना, त्याची जोडणी किंवा चिप यांपैकी काहीतरी गेले आहे. यंत्र पडल्यानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, अथवा काचेच्या आतून बाष्प दिसत असेल, तर एवढी चाचणी करण्यातही वेळ घालवू नये. बाष्प दिसल्यास चार्जिंगही करू नये.

यंत्र स्वतः उघडू नये, आणि ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही उघडायला देऊ नये. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची जी हमी असते, ती कडेच्या गोंदावर आणि रबरी पट्टीवर अवलंबून असते आणि एकदा उघडल्यावर ती तशीच राहत नाही. आत लिथियमची बॅटरी असते, आणि कडा उचकटताना तिला टोक लागले तर आग लागू शकते.

सर्व्हिस सेंटरला देताना अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, खरेदीची पावती आणि दोन यंत्रे शेजारी ठेवून काढलेला उपग्रहांच्या पानाचा फोटो द्यावा. ‘सिग्नल मिळत नाही’ एवढेच सांगितले तर समोरचा माणूस रीसेट करून यंत्र परत देण्याची शक्यता मोठी असते. रीसेट आधीच करून झाला आहे, हे अर्जातच लिहावे. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीचा किंवा बदलून देण्याचा खर्च आधी लेखी मागावा आणि तो नव्या साध्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर माझ्या मते नवेच घ्यावे. दुरुस्त होऊन किंवा बदलून आलेले यंत्र कोरे असते. त्याचीही आदल्या रात्री फोनशी जुळणी करावी आणि पहिल्या राइडआधी ते २० मिनिटे गच्चीवर ठेवावे.